गोल कंस माझे, चौकटी दादाचे

तारीख: गेल्या महिन्याची अखेर (असं का, ते पुढे कळेल, टपालखात्याला शिव्या देऊ नकोस)

ती. ताईस,

खालच्या मजल्यावरून धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (वरच्या मजल्याचा नमस्कार निराळा येईल. दोघांनी मिळून एकच घालावा असा प्रस्ताव मी मांडला होता, पण कोणाचं नाव आधी यावं यावर गाडी अडली.) भावोजींचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना वाजतो असं तू लिहिलं होतंस. चढताना वाजत नसेल तर घाबरू नये असं माझं मत आहे, आणि ज्याला गुडघ्यातलं काही कळत नाही अशा माणसाचं मत म्हणून ते घ्यावं. तुझी झोप, तुझी दाढ, तुमच्या शेजारणीचं ते उगाच भुंकणारं कुत्रं, सगळी मंडळी सुखरूप असोत. इकडे सर्व कुशल आहे. म्हणजे नाही, पण पत्राच्या पहिल्या परिच्छेदात रडगाणं गाऊ नये अशी बाबांची शिकवण होती, तेव्हा दुसऱ्यापासून सुरू करतो.

आधी एक नियम समजून घे. हे पत्र टपालात पडण्यापूर्वी वर दादाकडे जाणार आहे, कारण एका पक्षाने तिसऱ्या पक्षाला परस्पर काही कळवायचं नाही असं आमच्यात ठरलंय. दादाला जे मान्य नसेल त्याच्याभोवती तो पेन्सिलीने चौकटी कंस घालील. तेव्हा या पत्रातले गोल कंस माझे, चौकटी दादाचे. चौकटी कंसातलं सगळं खोटं असतं असं मात्र समजू नकोस. [ते खरंच असतं, फक्त दादाला पटलेलं नसतं.] हे कंसाचं खूळ आपल्या घरात कुठून शिरलं, ते सांगायलाच बसलो आहे.

झालं असं. बाबांनी लाँड्रीत बॉयलर बसवला तेव्हा तो कोळशावर होता आणि धुराडं मागच्या भिंतीवरून वर काढलं होतं. वर त्या वेळी नुसती गच्ची होती आणि गच्चीला नाक नसतं. पुढे दादाने गच्चीवर घर बांधलं आणि स्वयंपाकघराची खिडकी नेमकी धुराड्याच्या तोंडाशी काढली. [मी तेव्हाच सांगितलं होतं.] इतकी वर्षं कोणी काही बोललं नाही. मी धूर वर पाठवायचो, वहिनी वरून कधीमधी काहीबाही खायला पाठवायच्या, हिशेब चुकता. पण या हिवाळ्यात वहिनींना खोकला लागला तो जाईचना. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, घरात विड्या-सिगारेटी कोण ओढतं? दादाने बोट खाली दाखवलं. डॉक्टरांना वाटलं हा जमिनीखालच्या कोणाबद्दल सांगतोय, म्हणून त्यांनी पुढे विचारलं नाही.

त्यानंतर एक दिवस दादाने मला जिन्यात गाठलं. पुलापलीकडे एक जागा बघून ठेवली आहे, महिनाअखेरपर्यंत धूर थांबला नाही तर आम्ही तिकडे जाऊ, एवढंच म्हणाला आणि वर निघाला. मी म्हटलं, बॉयलर थांबला तर लाँड्री थांबेल, आणि लाँड्री थांबली तर मी काय कपड्यांचे चिमटे खाऊ? [हे मी अतिशय शांतपणे म्हणालो.] तेव्हापासून बोलणं बंद. दादाचा निरोप वहिनी माझ्या बायकोला सांगायच्या, बायको मला सांगायची आणि मी बॉयलरला सांगायचो. तुला म्हणून सांगतो, दादा घर सोडून गेला तर मला ते सोसणार नाही. पण धाकट्या भावाने हे थोरल्याला तोंडावर सांगायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून मी कोळसा जरा जास्तच घालत राहिलो.

अशात तुझी भाची रजेवर घरी आली. ती काय काम करते हे मला आजवर धड कळलं नव्हतं. (गिऱ्हाइकांना मी 'मोठ्या परिषदांमध्ये असते' असं सांगून पटकन बिल पुढे करायचो.) आता कळलं. देशोदेशीचे लोक धूर, पाणी, पक्षी, समुद्र यांच्याबद्दल करार करायला जमतात. समोर भला मोठा पडदा असतो, त्यावर कराराचा मसुदा असतो, आणि एक मुलगी खाली बसून तो टाइप करते. ती मुलगी म्हणजे आपली. एक देश म्हणतो हा शब्द घाला, ती घालते. दुसरा म्हणतो आम्हाला नको, की ती त्याला चौकटी कंस घालते. सगळे कंस निघाले की करार झाला. तोवर काहीच झालेलं नसतं. एक कंस सोडून सगळं ठरलं असलं तरी काहीच ठरलेलं नसतं. मी विचारलं, मग कंस निघायला किती वेळ लागतो? ती म्हणाली, 'बाबा, काही कंस माझ्याआधीपासून तिथे नोकरीला आहेत.'

तर आल्या दिवशी तिने मला आणि दादाला आपापल्या बायकांमार्फत भांडताना ऐकलं आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून ती हसायलाच लागली. म्हणाली, 'तुम्ही आणि मोठे काका अगदी आमच्या शिष्टमंडळांसारखे भांडता. फक्त तुम्हाला पद्धत नाही.' आता आपल्या घराण्याला पद्धत नाही म्हटल्यावर दादा गप्प बसणार होय? [दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मी सांगितलं तसा] तो खाली आला आणि इस्त्रीच्या लांब टेबलापाशी पलीकडची खुर्ची ओढून बसला.

अध्यक्ष म्हणून समोरचे चष्मेवाले आले. आम्ही दोघंही त्यांचेच चष्मे लावतो, त्यामुळे ते कोणाच्या बाजूचे असं म्हणायला जागा नाही. माणूस चांगला, पण जन्मभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरल्यामुळे त्यांना दुसरी रीत ठाऊक नाही. दादाचं वाक्य वाचून दाखवायचे, मग माझं वाचायचे आणि विचारायचे, 'आता बरं की मघाशी बरं?' आम्ही आपापल्या वाक्याला बरं म्हणायचो. मग ते म्हणायचे, 'जरा डोळे मिटा. हं, आता उघडा.' आणि पुन्हा तीच दोन वाक्यं.

तू आणि मी लहानपणी ज्याला भांडण म्हणत होतो त्यात किती प्रकारची माणसं असतात हे मला त्या दिवशी कळलं. मी आणि दादा हे पक्षकार. पक्षकारांनी बोलायचं, हरकत घ्यायची, सही करायची. बाकी उरले ते निरीक्षक. निरीक्षकांनी भिंतीशी बसायचं, कागद हातात धरायचे आणि शेवटी वेळ उरला तरच बोलायचं. तेव्हा माझी बायको आणि वहिनी यांना निरीक्षक म्हणून चादरींच्या गठ्ठ्यांवर बसवलं. वहिनींनी माझ्या लेकीला विचारलं, 'म्हणजे ज्याला खोकला होतो तो निरीक्षक, आणि ज्यांचे आवाज मोठे ते पक्षकार?' लेक जरा ओशाळली आणि म्हणाली, 'काकू, तिथेही साधारण असंच असतं.' वहिनी नुसत्या खोकल्या. हा खोकला म्हणजे भाषण धरायचं की नाही यावर दादात आणि माझ्यात पहिला वाद झाला आणि त्यातच ती संध्याकाळ गेली. निरीक्षकांना वेळ उरला नाही.

दुसऱ्या बैठकीत निघालं आधारवर्ष. धूर कमी करायचा तर कशापेक्षा कमी, ते ज्या वर्षावरून ठरतं ते आधारवर्ष. मी लगेच ते वर्ष सांगितलं ज्या वर्षी नदीकाठच्या लॉजचं सगळं काम आपल्याकडे होतं आणि बॉयलर विझायचाच नाही. त्या मानाने आजचा धूर निम्म्यावर आला आहे, म्हणजे मी हातपाय न हलवता माझा शब्द पाळून मोकळा. लेक बघतच राहिली. म्हणाली, 'बाबा, हे तुम्ही कुठे शिकलात? मोठमोठे देश अगदी हेच करतात.' मला तर भरूनच आलं. (शाळेत कोणी माझं असं कौतुक केलं नव्हतं.) दादाने मात्र आधारवर्ष म्हणून असं वर्ष धरलं की ज्या वर्षी बाबा अंथरुणाला खिळले होते आणि लाँड्रीला कुलूप होतं.

मग मी हुकमाचं पान टाकलं. लेकीने एक तत्त्व शिकवलं होतं: जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. आजवर ज्याने धुराचा फायदा घेतला, त्याने भार जास्त उचलायचा. मी उभा राहिलो. म्हटलं, दादा, तुझ्या कॉलेजची फी, तुझं वसतिगृह, ती तुझी नकाशे काढायची पट्ट्यांची पेटी, हे सगळं कुठल्या बॉयलरवर निघालं? त्या धुरावर तू इंजिनिअर झालास आणि मी [मन लावून] बॉयलरपाशी थांबलो. बोलून गेलो खरा. दादा टेबलाच्या कापडावरची इस्त्रीची जुनी जळकी खूण बघत बसला. मग म्हणाला, 'तू शाळा सोडलीस त्या दिवशी मी जेवलो नव्हतो. हे कुठल्या परिशिष्टात घालायचं?' चष्मेवाल्यांनी सवयीने विचारलं, 'आता बरं की मघाशी बरं?' आणि मग स्वतःच चष्मा काढून पुसत बसले. मला हे माहीत नव्हतं, ताई. तुला माहीत होतं का?

पण करार हा असा भिजट होऊन चालत नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही पक्ष पुन्हा कडक इस्त्री करून आले. त्या वेळचं मुख्य वाक्य मी तुला जसंच्या तसं उतरून देतो (यातले कंस दोघांचे): 'धाकटा भाऊ आपला बॉयलर [तात्काळ] [यथावकाश] [बाबांच्या स्मृतीचा मान राखून] टप्प्याटप्प्याने [बंद] [कमी] [करील] [करण्याचा प्रयत्न करील] [करावा की काय याचा विचार करील].' सगळी मेख 'बंद' आणि 'कमी' मध्ये. दादाला 'बंद' हवं, मला 'कमी'. लेक म्हणते, एवढ्याच शब्दावर मोठमोठे मंत्री रडकुंडीला आलेले तिने पाहिले आहेत. मी म्हटलं, निदान त्यांचा भाऊ वरच्या मजल्यावर राहत नसेल.

मी तडजोडी कमी सुचवल्या नाहीत. [एकाहून एक सरस सुचवल्या.] धूर कमी करणं हा एक मार्ग, आणि धुराशी जुळवून घेणं हा दुसरा, त्यांच्या परिषदेत दोन्हींना सारखा मान आहे. म्हणून मी म्हटलं, वहिनींनी खिडकी लावून घ्यावी. भिंतीकडून आवाज आला, 'आणि श्वास कुठून घ्यावा, नळातून?' निरीक्षकाने मध्ये बोलल्याबद्दल अध्यक्षांनी ताकीद दिली. मग मी धुराच्या देवघेवीचा प्रस्ताव आणला. म्हटलं, दादा, तू सिगारेट सोडलीस, म्हणजे तुझ्या वाट्याचा धूर शिल्लक पडला आहे, तो मला दे, म्हणजे माझा आपोआप तेवढा माफ. यावर दादा म्हणाला, 'मी सिगारेट तुझ्यामुळेच सोडली. फुकट मिळत असताना विकत कोण घेईल?' चष्मेवाले हसले. अध्यक्षांनी हसू नये अशी मी लेखी हरकत घेतली.

या सगळ्याचा घरातल्या बोलण्यावर फार वाईट परिणाम झाला आहे. मी बायकोला सांगितलं की माझ्या सदऱ्याचं बटण तुटलंय, तर ती म्हणते, 'नोंद घेतली.' ('नोंद घेतली' म्हणजे ऐकलं, पण काही करणार नाही. 'स्वागत आहे' म्हणजे ऐकलं, आवडलं, पण काही करणार नाही. 'तीव्र चिंता वाटते' म्हणजे आपण दोघंही काही करणार नाही. सगळं परिभाषेचं ज्ञान या तीन ओळींत आलं, तुला कधी गरज पडली तर असू दे.) सदरा अजून बटणावाचून आहे.

याच सुमारास एका सकाळी दुकानाच्या दाराखालून एक कागद आत आला. तारीख नाही, सही नाही. अक्षर दादाचं. [दादाचं अक्षर मी झोपेतही ओळखीन.] लेक म्हणाली, हा कागद नव्हे, हा अ-कागद. उघडपणे जे म्हणता येत नाही ते त्यात लिहायचं. लिहिणाऱ्याने ते लिहिलेलं नसतं, वाचणाऱ्याने वाचलेलं नसतं, पण दोघांना कळलेलं असतं. त्यावर एवढंच होतं: 'कोळशाऐवजी गॅस चालेल का?' मी त्याच्या पाठीवर लिहिलं, 'हे मी वाचलेलं नाही. पण बर्नर कोण बसवणार?' आणि वर दाराखालून सरकवून दिला. संध्याकाळी बैठकीत आम्ही दोघंही असं तोंड करून बसलो की जणू कागदाचा शोध अजून लागायचा आहे.

एकदा बोलणी इतकी अडली की लेकीने घोळका करायला सांगितलं. तिथे अशी रीत आहे म्हणे: टेबलावर जमेना की सगळ्यांनी उठून कोपऱ्यात दाटीवाटीने उभं राहायचं, म्हणजे माणसं मऊ पडतात. आपल्या दुकानात मोकळा कोपरा कुठला? इस्त्री करून टांगलेल्या पॅन्टींच्या रांगेत आम्ही चौघं घुसलो. कोणाचा पाय कोणता तेच कळेना. चष्मेवाले एका रिकाम्या कोटाशी बराच वेळ गंभीरपणे बोलत होते आणि कोटाची भूमिका त्यांना फारच समंजस वाटली. त्याच वेळी दादाच्या ओळखीचा कोणी फिटर येऊन बॉयलरखाली डोकं घालून, काही मापं घेऊन निघून गेला. (कार्यसूचीत त्याचं नाव नसल्यामुळे सभेने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.)

आणि मग उजाडली महिनाअखेर, दादाची मुदत. कंस जागच्या जागी. घड्याळ सातकडे सरकत होतं, चष्मेवाल्यांना दुकान बंद करायचं होतं, आणि दादाचं तोंड पुलापलीकडे वळल्यासारखं दिसायला लागलं. मी लेकीकडे पाहिलं. ती शांतपणे स्टुलावर चढली आणि तिने भिंतीवरचं घड्याळ थांबवलं. म्हणाली, मुदत संपत आली आणि करार होत नसला की तिथेही घड्याळ थांबवतात. घड्याळ पुढे गेलं नाही तर मुदत टळली असं म्हणता येत नाही. मी खबरदारी म्हणून कॅलेंडरचं पानही उलटायचं नाही असं जाहीर केलं. दादाने हरकत घेतली नाही. तेव्हापासून आपल्या लाँड्रीत महिनाअखेरच चालू आहे. एक गिऱ्हाईक भांडायला आलं, कपडे उद्या देतो म्हणाला होतात. मी भिंतीकडे बोट दाखवून म्हटलं, साहेब, उद्या झालाय कुठे?

घड्याळ थांबल्यावर कोणालाच घाई उरली नाही. लॉजच्या चादरी घड्या घालायच्या राहिल्या होत्या. मी एकीची दोन टोकं धरून उभा राहिलो, आणि दादाने, वाद चालू ठेवूनच, समोरची दोन टोकं उचलली. तुला आठवतं ना? लहानपणी आम्ही भांडलो की तू आम्हाला चादरीच्या घड्या घालायला लावायचीस, कारण एकमेकांच्या जवळ गेल्याशिवाय घडी होतच नाही. जवळ येताना दादा म्हणायचा 'बंद', मी म्हणायचो 'कमी', टोकं त्याच्या हातात देऊन मागे सरायचो, आणि पुढची चादर. गठ्ठा संपला तेव्हा आम्ही काय बोलत होतो ते दोघांनाही आठवेना. चष्मेवाल्यांनी ही संधी साधली. दादा रुमाल शोधायला जिन्याकडे वळला तेवढ्यात ते म्हणाले, 'कोणाची हरकत आहे का? नाही.' आणि चष्म्याची डबी टपकन मिटली. दादा जिन्यातून ओरडला, 'हरकत!' अध्यक्ष म्हणाले, 'मिटली.' लेक म्हणते, हाही तिकडचाच रिवाज.

तर करार झाला. त्याचा अंतिम मजकूर असा: 'उभय बंधू धुराबद्दल तीव्र चिंता व्यक्त करतात, बॉयलरने केलेल्या सेवेची कृतज्ञतेने नोंद घेतात, आणि पुढच्या बैठकीत पुढच्या बैठकीचा विचार करण्याचं ठरवतात.' खाली दोघांच्या सह्या. पण सही म्हणजे काही लग्न लागलं नाही, ती नुसती सोयरीक. सही केलेल्याने करार घरी नेऊन मान्य करून घ्यायचा असतो, तेव्हाच तो पक्का. मी घरी नेला. बायकोने वाचला, घडी घालून ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, 'नोंद घेतली.' दादाकडे वहिनींनी विचारलं, यात खोकला कुठे आहे? परिशिष्टात आहे असं दादाने सांगितलं. परिशिष्ट कुठे आहे? ते अजून लिहायचं आहे. [इथे दादाला घराबाहेर चटई टाकून बसावं लागलं.] त्यामुळे बैठका चालू आहेत. लेकीची रजा संपून ती गेली, पण जाताना कंस घालायची पेन्सिल दादाला देऊन गेली.

पत्र लांबलं. भावोजींना नमस्कार, कुत्र्यालाही माझ्याकडून काही सांगायचं असल्यास सांग. बाकी सर्व चर्चेच्या अधीन.

तुझा [आज्ञाधारक]
धाकटा

ता. क. हे पत्र नुसता गुडघा विचारायला लिहिलेलं नाही, हे तू केव्हाच ओळखलं असशील. बाबांनी घर तिघांच्या नावावर ठेवलंय. तेव्हा करार अंमलात यायचा तर तिघांनी मान्य करायला हवा. दोन सह्यांनी भागत नाही. टपालाने पाठवलेली सही चालणार नाही, ती इस्त्रीच्या टेबलाशी बसूनच व्हावी, असं कलम मी घातलं आहे. किती वर्षं झाली तुला येऊन. तू ये.

ता. क. २ आता हेही सांगायलाच हवं. बॉयलर आता कोळशावर नाही. तो फिटर परत आला होता. दादाने स्वतः नकाशा काढला, बर्नर बसवून घेतला, आणि लेक ज्याला तंत्रज्ञान हस्तांतरण म्हणते ते हाताला काजळी लावून एका दुपारी उरकलं. धूर बंद झाला. 'कमी' नाही, 'बंद'. वहिनींची खिडकी उघडी असते. पुलापलीकडच्या जागेला दादाने नकार कळवला, असं मला बायकोकडून समजलं. म्हणजे भांडायला आता काहीच उरलेलं नाही. पण दादा ते म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. संध्याकाळी दुकान मिटलं की जिन्यावर त्याच्या चपला वाजतात, तो खुर्ची ओढतो आणि विचारतो, 'काल कुठल्या शब्दावर होतो आपण?' तंटा मिटला असं मी म्हटलं तर उद्या तो कशाला खाली येईल? वर-खाली राहून इतकी वर्षं गेली, आम्ही असे समोरासमोर कधी बसलोच नव्हतो. मला ही बोलणी संपायला नको आहेत, ताई. दादा हे वाचणार आहे. वाचू दे.

(दादाच्या अक्षरात) ताई, पत्र वाचले. योग्य तिथे कंस घातले आहेत. आणखी पुष्कळ घालायला हवे होते. पहिल्या ता. क. मधील 'तू ये' यास माझी हरकत नाही. दुसरा ता. क. वाचला, पण तिथवर येईतो पेन्सिल हरवली. माझाही नमस्कार याच पत्रात समजावा, नाव कोणाचंही आधी घाल.

(वहिनींच्या अक्षरात) ताई, शेवटी वेळ उरला तर निरीक्षकांनी बोलावं असा यांचा नियम आहे. कागदाच्या तळाशी थोडी जागा उरली आहे, म्हणून आम्ही दोघी जावा मिळून लिहितो. धूर थांबला, खोकला थांबला, घड्याळही थांबलं. बैठकीचा चहा तेवढा थांबलेला नाही, आणि तो आम्ही करतो. लवकर निघा.